पान सदतीसवरचे तीन मासे

बिन्यारा
१ जुलै, सोमवार

नोरीन,

संपला एकदाचा जून. तीस दिवस, तीस नोंदी, एकही दिवस चुकला नाही. मेच्या शेवटी तू माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाली होतीस, "दहा दिवसांत गळपटशील बघ. तुला वाढदिवसाच्या कार्डावर दोन ओळी लिहायच्या तर आठवडा लागतो." तर बाईसाहेब, गळपटले नाही. देशभरातल्या सत्त्याण्णव ग्रंथपालांनी जूनभर रोज ब्लॉग लिहायचं ठरवलं होतं, त्यातले पस्तीस शेवटपर्यंत टिकले आणि त्यात बिन्याराची ग्लेनिस आहे. ब्लॉगच्या कडेला लावायला आम्हाला एक छोटंसं चित्र मिळालंय, लोकरीची टोपी घातलेलं पुस्तक. साठी उलटल्यावर असल्या चित्राचं एवढं कौतुक वाटेल असं वाटलं नव्हतं.

पहिले पाच दिवस मजेत गेले. सहाव्या दिवशी मागच्या खोलीत न उघडता पडलेल्या नव्या पुस्तकांच्या खोक्यावर लिहिलं, चिकटपट्टी कापायच्या आधीचा आनंद वगैरे. आठव्या दिवशी सर्दीवर लिहिलं, कारण सर्दीखेरीज माझ्याकडे काहीच नव्हतं. अकराव्या दिवशी परत आलेल्या पुस्तकांत काय काय सापडतं त्यावर लिहिलं, केसांच्या पिना, औषधाच्या चिठ्ठ्या आणि तो खुणेसाठी घातलेला तळलेल्या बेकनचा तुकडा. तुला आठवत असेल तो. नसेल तरी हरकत नाही. एकोणिसाव्या दिवशी वाचकांच्या सवयींवर काहीतरी किरकोळ लिहिलं. काल शेवटच्या नोंदीत "या तीस दिवसांनी मला काय शिकवलं" असं लिहायचं होतं, ते मी छान लिहिलं. रोज लिहिल्याने नजर तीक्ष्ण होते, असं त्यात म्हटलंय.

तू बॅलरॅटच्या वृद्धाश्रमात गेल्याचं मला शुक्रवारी तुझ्या शेजारणीकडून, डल्सीकडून कळलं. क्रेग म्हणाला म्हणे की दोन आठवडे विश्रांती, तिथल्या बायका चांगल्या आहेत, खोलीतून बाग दिसते. जुलै म्हणजे ऐन थंडी, तुला लाकडं फोडायला नकोत, हे एका परीने बरंच झालं. क्रेगला आईची काळजी वाटणारच. तू गाडी खाटकाच्या दुकानासमोर विसरून चालत घरी आलीस, तेही त्याच्या कानावर गेलं असणार.

मी पुस्तकं पाठवते. काय हवं ते कळव.

ग्लेनिस


१५ जुलै

नोरीन,

तुझं पत्र मिळालं. अक्षर पूर्वीसारखंच, शाळामास्तरणीचं. पण मजकूर वाचून बरं वाटलं नाही.

"दोन आठवडे संपले आणि क्रेग आता 'बघू' म्हणतो. गावातून कुणीतरी त्याला सांगितलंय की मी विसरायला लागले. तो नाव सांगत नाही. मला नाव सांगायची गरजही नाही. माझ्या स्वयंपाकघरात रोज येऊन बसणारी एकच बाई आहे. डल्सीला सांग, मला फोन करू नकोस." हे तू लिहिलंस, आणि निरोप द्यायचं काम माझ्या गळ्यात घातलंस.

मी निरोप द्यायच्या आधीच डल्सी गुरुवारी इथे आली. तू फोन उचलत नाहीस, तिची पत्रं न उघडता परत येतात. अंथरुणाला खिळलेल्या वाचकांना वाटायची पुस्तकं घेण्यासाठी आली होती, पिशव्या तशाच ठेवून माझ्यासमोर बसली आणि रडली. तिला रडताना मी तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीतही पाहिलं नव्हतं.

"अगं, बत्तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आम्ही," म्हणाली. "तिचं दूध उतू गेलं तर मी पुसलं, माझं गेलं तर तिने पुसलं. दूध काय कुणाचंही उतू जातं. ते मी क्रेगला कशाला सांगायला जाऊ? तूच सांग ग्लेनिस, मी अशी आहे का?"

"नाहीस गं," मी म्हटलं. मी तिला चहा करून दिला, बिस्किटांचा डबा पुढे केला. तिने दोन खाल्ली आणि पिशव्या उचलून गेली. थंडीत तिच्या गाडीची काच साफ करायला मी बाहेरसुद्धा गेले. एवढं मी कधी करत नाही.

तर नोरीन, डल्सीबद्दल तुझा काही गैरसमज होत असावा असं मला वाटतं. क्रेगला कुणी काय सांगितलं ते मला काय ठाऊक, पण ती नसावी. एवढंच म्हणायचं होतं.

आणखी एक. हे तुला कुणी सांगितलंय की नाही, माहीत नाही. तुझ्या कुंपणावर काल पाटी लागली. १४ सप्टेंबर, शनिवार, सकाळी अकरा वाजता घराचा लिलाव. क्रेग म्हणतो तू कागदांवर सही केलीस. खरं आहे का?

ग्लेनिस


२९ जुलै

नोरीन,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची तीन फाडून चुलीत घातली. आता सरळ लिहिते.

जूनच्या एकोणिसाव्या दिवशी मी जे "किरकोळ" लिहिलं, ते तुझ्याबद्दल होतं.

तुला माहीत आहे, मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचे सगळे म्हातारे वाचक आपापली खूण करतात. तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी नेऊ नये म्हणून एक ठरलेलं पान धरायचं आणि तिथे पेन्सिलीने बारीकसं काहीतरी काढायचं. कुणाची फुली, कुणाचं अक्षर, कुणाचा नुसता ठिपका. पुस्तकात लिहू नये असा नियम आहे, आणि मी बावीस वर्षं ते न पाहिल्यासारखं करत आले. पण पाहिलेलं असतंच. कुणी काय वाचलं हे त्या खुणांवरून मला कळतं, आणि आमच्या धंद्यात जे कळतं ते पोटात ठेवायचं असतं. डॉक्टरने आणि पाद्र्याने ठेवायचं तसंच. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला हे शिकवलं होतं.

त्या दिवशी बुधवार होता. सकाळपासून पाऊस, एक माणूस आलं नाही, लिहायला विषय नाही. अठरा दिवस न चुकता लिहिलेलं, आणि त्याचा मला माज चढला होता. परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात लाल कोटातली बाई मुखपृष्ठावर असलेली ती कादंबरी होती. मी पान सदतीस उघडलं. तुझं ठरलेलं पान, तुझी खूण, मासा. शेजारी तुझाच दुसरा मासा. त्याच्या शेजारी तिसरा. आठ आठवड्यांत तू तेच पुस्तक तीनदा नेलंस आणि तीनदा खूण केलीस. बावीस वर्षांत तुझे दोन मासे मी एका पानावर कधी पाहिले नव्हते.

मला तुझी काळजी वाटली, हे खरं आहे. पण त्यानंतर लगेच मनात आलं, यावर लिहिता येईल. हेही खरं आहे, आणि मला त्याचीच लाज वाटते.

मी लिहिलं की एक वाचक आहे, तिला पुस्तक वाचल्याचं आठवत नाही, आपण केलेली खूण दिसते तरी ती आपलीच हे कळत नाही, आणि ती मोठ्या प्रेमाने पुन्हा एक खूण करते. नाव लिहिलं नाही. पहिल्यांदा मी माशाऐवजी पक्षी लिहिलं होतं, नोरीन. तेवढी अक्कल होती मला. तुझ्या क्विन्सच्या मुरंब्याच्या बाटल्यांवर तोच मासा असतो आणि चर्चच्या जत्रेतून अख्खं गाव त्या बाटल्या घरी नेतं, हे मला माहीत होतं. पण "तीन पक्षी" वाचायला मिळमिळीत वाटलं. "तीन मासे" चांगलं वाटलं. म्हणून बदललं. पानाचा आकडाही तसाच ठेवला, कारण खरा आकडा असला की लिखाणाला वजन येतं.

संध्याकाळपर्यंत दोनशे बारा अभिप्राय आले. पर्थपासून टाऊन्सव्हिलपर्यंतच्या ग्रंथपालांनी लिहिलं की त्या रडल्या. जूनमधली सर्वांत सुंदर नोंद म्हणून तिची निवड झाली. मी जेवणाआधी एक वाइनचा ग्लास भरून सगळे अभिप्राय वाचले, मग पुन्हा वाचले.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती नोंद गावाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकली. शुक्रवारी ट्रेव्हर खाटीक आला. आयुष्यात कधी पुस्तकाला हात न लावलेला माणूस सरळ मोठ्या अक्षरांच्या कपाटाशी गेला आणि एकेका पुस्तकाचं पान सदतीस उघडून बघायला लागला. "अरेच्चा, ही तर मुरंब्याची नोरीन!" म्हणाला. "बिचारी. तरीच गाडी माझ्या दारात सोडून गेली." मी त्याला हटकलं नाही. काउंटरमागे शिक्के लावत बसले.

डल्सीने काही केलेलं नाही. केलं ते मी.

ग्लेनिस


५ ऑगस्ट

नोरीन,

तुझं उत्तर नाही. मी त्याची वाटही पाहत नाही, असं लिहिणार होते, पण रोज टपालाची गाडी आली की मी दारात असते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गिळली. सगळं सांगितलं असं भासवलं आणि मुख्य तेच ठेवून दिलं. क्रेगने मला फोन केला होता. २१ जूनला, शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमारास. त्याच्या बायकोने, टॅनियाने, गावाच्या पानावर माझं लिखाण वाचून त्याला दाखवलं होतं.

"ग्लेनिस, ते माशांचं जे लिहिलंय तुम्ही," तो म्हणाला, "ती माझी आई आहे का?"

मी म्हणू शकले असते, नाही रे, कुठली तरी म्हातारी, मी तिखटमीठ लावून लिहिलंय. खोटं बोलले असते तर चाललं असतं. किंवा म्हणू शकले असते, क्रेग, आईला विचार. तेच सर्वांत सोपं होतं. तिला फोन कर आणि विचार, तू हे पुस्तक तीनदा का वाचलंस. मला स्वतःलाही हे सुचलं नाही. मी दर आठवड्याला तुला भेटत होते आणि एकदाही विचारलं नाही.

मी काय म्हटलं, सांगू? "वाचकांबद्दल आम्ही बाहेर बोलत नाही, क्रेग. नियम आहे." दोन दिवसांपूर्वी अख्ख्या देशाला सांगून झालं होतं, आणि मुलाने विचारलं तेव्हा मला नियम आठवला. वर मी उसासा टाकला. तो उसासा त्याने ऐकला. मग म्हणाला, "समजलो मी. थँक यू, ग्लेनिस. तुम्ही तिथे आहात म्हणून बरं आहे." आठवडाभरात तू बॅलरॅटला होतीस.

तो वाईट मुलगा नाही. मर्व्ह, त्याचा बाप, धरणावर मासे धरताना एकटाच वारला आणि दुसऱ्या दिवशी सापडला, ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. घाबरलेल्या माणसाला मी पुरावा दिला.

मागचं पत्र टपालात टाकलं त्याच दिवशी डल्सीला सगळं सांगितलं. तिच्या घरी गेले, उभ्याउभ्याच सांगितलं. तिने भांडी विसळायचं थांबवलं नाही. सगळी भांडी झाल्यावर हात पुसून म्हणाली, "तीन आठवडे मी तुझ्याकडे येऊन रडत होते, आणि तू मला चहा पाजत होतीस?"

"हो," मी म्हटलं.

"आणि मला वाटायचं, ग्लेनिस किती चांगली आहे." मग तिने दार उघडून धरलं.

पुस्तकं वाटायला ती गुरुवारी आली, नेहमीसारखीच, वाचकांचा काय दोष. पिशव्या उचलल्या, यादीवर सही केली आणि गेली. मी बिस्किटांचा डबा पुढे केला नाही.

ग्लेनिस


२६ ऑगस्ट

नोरीन,

तुझं पत्र शनिवारी आलं. ते मला पाठ झालंय, तरी इथे उतरवते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल.

"ग्लेनिस, तुझी दोन्ही पत्रं वाचली. क्रेगकडून तुझ्या लिखाणाचा कागद मागून घेतला, तो डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्याने जपून ठेवला होता. छान लिहिलंयस. पण त्यातली बाई मी नाही. एक वाचन, एक मासा. मर्व्ह वहीत धरलेले मासे असेच मांडायचा, तीन धरले तर तीन काढायचा. मी ते पुस्तक तीनदा वाचलं म्हणून तीन काढले. बावीस वर्षांत तुला एका पानावर दोन दिसले नाहीत, कारण बावीस वर्षांत एवढा काळ तुझ्या कपाटात नवीन पुस्तक नव्हतं असं झालं नाही. एप्रिलपासून मोठ्या अक्षरांचं एकही नवीन आलं नाही. दोनदा तुला विचारलं. दोन्ही वेळा तू म्हणालीस, 'अगं थांब जरा, ब्लॉगची तयारी चाललीय.' मग जे त्यातल्या त्यात बरं होतं, तेच परत नेलं. गाडीचं म्हणशील तर बॅटरी उतरली होती आणि ऊन छान पडलं होतं, म्हणून चालत आले. हे कुणी विचारलंच नाही. इथे एक पोरगी रोज येऊन आज वार कोणता ते विचारते. मी एकदा म्हटलं, तुला माहीत नसेल तर बाहेर कॅलेंडर आहे. तिने ते वहीत लिहून घेतलं. पण सगळ्यांनीच सांगितल्यावर मलाही वाटायला लागलं, ग्लेनिस. दोन महिने रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी स्वतःची परीक्षा घेते, नातवंडांचे वाढदिवस, रस्त्यांची नावं, शाळेतल्या पोरांची हजेरी. एखादं नाव अडलं तर दिवसभर घाबरलेली असते. सही त्याच घाबरण्यात केली. बेकनचा तुकडा मला आठवतो. तो मीच तुला आणून दाखवला होता."

मी पत्र हातात घेऊन मागच्या खोलीत गेले. खोकं होतं तिथेच होतं, माझ्या डगल्याखाली. वर मुख्य ग्रंथालयाची चिठ्ठी: मोठ्या अक्षरांची पुस्तकं, चोवीस, २९ एप्रिल. मी त्याचा फोटो काढला होता, त्याच्यावर तीनशे शब्द लिहिले होते. चिकटपट्टी कापण्याआधीचा आनंद! शंभर जणांनी तोही आवडल्याचं कळवलं होतं. उघडायला मात्र मी विसरले. ज्या बाईला मी विसरभोळी ठरवलं ती काहीच विसरलेली नव्हती, आणि तिच्यासाठी आलेलं खोकं चार महिने माझ्या पायांत होतं.

मी फरशीवर बसून खोकं उघडलं. चोवीसची चोवीस कोरी. मग तिथेच बसून रडले. त्यात कौतुकासारखं काही नाही, पण आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

आता कामाचं. लिलाव १४ तारखेला आहे. मला बॅलरॅटला येऊन क्रेगला आणि डॉक्टरांना भेटायचंय. बरोबर तुझी उसनवारीची नोंद आणायची आहे, बावीस वर्षांची, एकदाही उशीर नाही. शिवाय ते खोकं, त्याची चिठ्ठी, आणि लाल कोटवालं पुस्तक. पण ती नोंद तुझी आहे. तू सांगितल्याशिवाय तिचं एक पानही मी कुणाला दाखवणार नाही, तुझं घर गेलं तरी. हे मला जूनमध्ये कळायला हवं होतं. "हो" किंवा "नाही", एवढंच लिही.

ग्लेनिस


१० ऑक्टोबर

नोरीन,

तू माझ्यापासून चार गल्ल्यांवर राहतेस आणि मी तुला पत्र लिहितेय. तोंडाने बोलायला तू मला जागा ठेवलेली नाहीस, आणि ते बरोबरच आहे.

तुझ्या कार्डावर "हो" होतं, बाकी काही नाही. ५ सप्टेंबरची ती बैठक तू पाहिलीसच, पण माझ्या बाजूने ती कशी होती ते सांगते. डॉक्टर फर्नांडोबाईंनी माझं लिखाण टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "यातलं तुम्हाला नक्की काय माहीत होतं?" मी म्हटलं, "एका पानावर तीन मासे आहेत एवढंच." "आणि बाकीचं?" "बाकीचं मी रचलं." हे बोलताना क्रेग माझ्याकडे बघत होता. जूनमध्ये त्याने ज्या आवाजात थँक यू म्हटलं होतं, तो आवाज माझ्या कानात होता. माझ्या जन्मात माझी मान इतकी खाली गेली नव्हती.

मग बाईंनी तुला विचारलं, "तिसऱ्यांदा वाचताना कंटाळा नाही आला?" तू म्हणालीस, "आला. शेवट फारच बावळट आहे. पण बावळट शेवट होता हे आठवत होतं, याला काही मार्क आहेत का?" बाई हसल्या. क्रेग हसला नाही, तो उठून खिडकीशी गेला आणि "आई, सॉरी" म्हणाला. तू त्याला जवळ घेतलंस. मला कुणी काही म्हटलं नाही.

पाटी निघाली. तुला घरी आणायला क्रेगला रजा नव्हती म्हणून मी आले, सव्वादोन तासांच्या रस्त्यात तू एकच वाक्य बोललीस, "गाडी नीट चालव." डल्सी तुझ्या फाटकात भोपळ्याच्या सूपचं पातेलं घेऊन उभी होती. तुम्ही दोघी आत गेलात. मी तुझी बॅग पायरीवर ठेवली आणि परतले.

एकोणिसाव्या दिवसाची नोंद मी काढून टाकली. तिच्या जागी काय झालं ते लिहिलं, तू, मासे, गाव यातलं काहीच न लिहिता फक्त मी काय केलं ते. अभिप्राय नऊ आले. ते टोपीवालं चित्रही काढलं. तीस दिवसांनी मला काय शिकवलं, ते आता मी कुणी विचारलं तरच सांगते.

तू दर मंगळवारी येतेस, पूर्वीसारखी. खोक्यातली पुस्तकं दोन-दोन, तीन-तीन करून नेतेस. दारातलं ते यंत्र, पुस्तक ठेवलं की आपोआप नोंद करणारं, त्याला तू पाच वर्षं "तो निर्बुद्ध डबा" म्हणायचीस. मुद्दाम रांग लावून माझ्याकडे यायचीस आणि म्हणायचीस, "मला माणसाच्या हातून पुस्तक हवं." आता तू त्या डब्यावर जातेस. काउंटरवर दुसरं कुणी नसलं तरी. मला मान हलवून "गुड मॉर्निंग" म्हणतेस. लोकांना वाटतं सगळं पूर्ववत झालं.

आणि एक सांगायचं राहिलं. हे सांगितलं नाही तर हे पत्रही पहिल्या पत्रासारखंच होईल. कुणाच्याही पुस्तकाचं खुणेचं पान पुन्हा उघडायचं नाही, अशी मी बॅलरॅटहून येताना शपथ घेतली होती. तू आजवर परत केलेली सहा पुस्तकं परवा माझ्या हातात आली आणि मी पान सदतीस उघडलं. सहाही पुस्तकांचं. मी पुन्हा पाहिलं, नोरीन.

सहाही पानं कोरी आहेत.

ग्लेनिस